एका खोलीतील स्वयंपाक

दिल्लीत जुन्या घरांच्या गच्चीवर जी लहान खोली असते, तिला ‘बरसाती’ म्हणतात. अशा खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याजवळ किंवा नोकरदाराजवळ पुष्कळदा हातभर ओटा व एकच शेगडी असते. तेथे कोणती साधने ठेवावीत, हा प्रश्न जागेचा तसाच आरोग्याचाही आहे.

उघड्या पातेल्यात पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. पुढे आच वाढविली तरी ते अधिक तापत नाही. डेनिस पॅपिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये घट्ट झाकणाचे भांडे तयार केले. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वर चढतो. आजच्या प्रेशर कुकरमध्ये तो सुमारे १२० अंशांपर्यंत जातो; म्हणून डाळ लवकर शिजते. आत एकावर एक डबे ठेवल्यास वरण, भात व भाजी एकाच आचेवर होतात.

दुसरे साधन म्हणजे ओले फडके. भिजलेले मूग त्यात बांधून ठेवले की मोड येतात. त्या वेळी मुगात क जीवनसत्त्व तयार होते आणि लोहाच्या शोषणास अडथळा करणारे फायटिक आम्ल घटते. दिल्लीच्या थंडीत मोड येण्यास वेळ लागतो. उन्हाळ्यात ते लवकर येतात, परंतु मूग आंबतातही. उबेत जंतू वाढत असल्याने मोड चांगले वाफवून घ्यावेत. वाफेने क जीवनसत्त्व काहीसे कमी होते. ती उणीव वरून पिळलेले लिंबू भरून काढते.

महागड्या डबाबंद ‘पौष्टिक’ अन्नाचा विचार करण्यापूर्वी या दोन साधनांचा उपयोग करून पाहावा.