माशाचे भ्रूण रात्रभर पाहावयाचे तर

नांदेड-लातूर भागात मत्स्यबीज तयार करणाऱ्या शेतकरी बंधूंचा पावसाळ्यात एक प्रश्न हमखास असतो. संध्याकाळी चांगली दिसणारी रोहूची अंडी सकाळपर्यंत पांढरी का पडली? मी पिकांचा माणूस. बियाण्याची उगवणशक्ती ओल्या कागदावर तपासतो, तसेच अंड्याचेही असावे असे मला वाटे. परंतु रोहूचे अंडे २७ ते ३१ अंश सेल्सिअस तापमानात साधारणतः १४ ते १८ तासांत फुटते. शेवटी मोजणी केल्यास किती मेली ते कळते, केव्हा मेली ते कळत नाही. त्यासाठी भ्रूण जिवंत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याची सतत छायाचित्रे घ्यावी लागतात.

हे तंत्र प्रयोगशाळेत झेब्रा माशावर चांगले बसले आहे. हा लहानसा पट्टेदार मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्या भ्रूणांवर संशोधन झाले आहे. भ्रूण कवचात फिरतो, म्हणून दोन बारीक चिमट्यांनी कवच सोलून तो अगारोजमध्ये बसवितात. चायना ग्रास ज्या अगरपासून होते, त्याचाच हा शुद्ध अंश. साधे अगारोज पातळ असते तोवर फार गरम असते, त्यात भ्रूण मरतो. ३७ अंशांपर्यंत निवविल्यावरही पातळ राहणारा प्रकार घ्यावा.

खरी गोम प्रमाणात आहे. १ टक्क्याचे द्रावण भ्रूणाला घट्ट धरते, पण भ्रूण लांबीने वाढत असतो. जागा न मिळाल्यास शेपटी वाकडी होते आणि पाहणाऱ्याला तो रोग वाटतो! कुंडी अपुरी पडली की मुळे वेटोळी होतात, तसेच हे. म्हणून द्रावण ०.३ ते ०.५ टक्के ठेवावे किंवा गोठल्यावर शेपटीभोवतीचा भाग कापून काढावा. वर पाणी भरून झाकण ठेवावे, तापमान २८.५ अंश राखावे, प्रकाश कमीत कमी वापरावा. साधारण १७ तासांनंतर भ्रूण वळवळू लागतो. तेव्हा ट्रायकेन हे भुलीचे औषध लिटरला सुमारे १६० मिलिग्रॅम देतात. शेजारी बशीत काही भ्रूण मोकळे ठेवावेत. दोन्ही सारखे वाढले तरच छायाचित्रांवर विश्वास ठेवावा.

शेतकऱ्याने एवढा खटाटोप करू नये. काचेच्या वाडग्यात दर दोन तासांनी १०० अंडी घेऊन भिंगाने पांढरी मोजावीत. वेळ, पाण्याचे तापमान आणि वीज जाऊन पाण्याचा प्रवाह थांबला असल्यास तेही वहीत लिहावे. ही वही घेऊन उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातील तज्ज्ञांना भेटावे.