कादंबरीतील संत आणि निपाणीची माणसे

कथा-कादंबरीत एखादा साधुवृत्तीचा पुरुष किंवा सोशिक स्त्री अवतरली की आपला मराठी वाचक मनोमन हात जोडतो. दुसऱ्यांसाठी झिजणारी, अपमान गिळणारी आणि अखेरीस प्राण वेचणारी ही पात्रे त्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. समीक्षक त्यांच्यात संताचे किंवा ख्रिस्ताचे प्रतीक शोधतात आणि पुस्तक मिटले जाते. त्या पात्राच्या वाट्याला हे दुःख कोणी आणले, हा प्रश्न मात्र बहुधा मागेच राहतो. आमच्या मते वाङ्मयातील धार्मिक प्रतीकाची खरी परीक्षा याच प्रश्नापाशी होते. ती परीक्षा घ्यावयाची तर बेळगाव-निपाणीच्या मुलखाकडे पाहावे. सीमाप्रश्नामुळे हा मुलूख सर्वांना ठाऊक आहे, पण वाङ्मयाच्या दृष्टीने त्याच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

ख्रिस्तकथा मराठीला परकी नाही. गोमंतकातील राचोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले आणि येशूचे चरित्र ओवीच्या घाटात मराठी कानांवर पडले. त्यानंतर सुमारे अडीच शतकांनी, बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ज्या पुस्तकाचे नाव घेतले जाते, ते असे या मुलखाच्या सुपुत्राचे आहे. पतीबरोबर प्रवासास निघालेली यमुना वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हालअपेष्टा पाहते आणि पुढे स्वतःच वैधव्याच्या खाईत लोटली जाते. पदमनजी ख्रिस्ती झाले होते आणि धर्मप्रसाराचा हेतू त्यांनी लपविला नाही. यमुनेच्या दुःखावरचा त्यांचा उपाय धर्मांतरातून येतो, तो सर्वांना पटण्यासारखा नाही. तथापि एका बाबतीत त्यांना दाद दिलीच पाहिजे. विधवेच्या सोसण्याला त्यांनी पातिव्रत्याचे तेज चढविले नाही. केशवपनाची रूढी, ती लादणारे कुटुंब आणि मान फिरविणारा समाज यांना त्यांनी नेमके उभे केले. दुःखाचा कर्ता कोण, हे त्यांच्या वाचकाला शोधत बसावे लागत नाही.

मूळ ख्रिस्तचरित्राचीही शिकवण हीच आहे. तो क्रूस काही आकाशातून पडलेला नव्हता. धर्मसत्तेला तो माणूस नकोसा झाला होता, रोमन राजसत्तेला शांततेचा भंग नको होता, जमावाला बळी हवा होता आणि मित्रांना जिवाची भीती होती. या सगळ्यांना वगळून केवळ काट्यांचा मुकुट तेवढा चितारणारा लेखक अर्धीच कथा सांगतो. पाश्चात्त्य कादंबरीकारांपैकी श्रेष्ठांनी हे ओळखले. डोस्टोयव्हस्कीने ‘इडियट’मध्ये प्रिन्स मिश्किन हा निर्मळ मनाचा माणूस रंगविला, पण त्याच्या निर्मळपणाने नस्तास्या फिलिपोव्हनाचा जीव वाचत नाही आणि तो स्वतःही अखेर पुन्हा आजाराच्या अंधारात बुडतो. अमेरिकन लेखक स्टाइनबेकच्या १९३९ च्या ‘ग्रेप्स ऑफ रॉथ’मधील जिम केसी हा पूर्वाश्रमीचा धर्मोपदेशक. त्याच्या नावाची आद्याक्षरे येशू ख्रिस्ताच्या इंग्रजी नावाशी जुळतात, हे विद्यार्थी हौसेने पाठ करतात. परंतु आद्याक्षरे जुळविल्याने कोणी ख्रिस्त होत नसतो. केसी दुसऱ्याच्या वाटचा तुरुंग पत्करतो, पीचच्या बागांतील मजुरांच्या संपाचा पुढारी होतो आणि बागमालकांच्या माणसाच्या हातून मारला जातो. मजुरीचा दर कोणी पाडला आणि घाव कोणी घातला, हे स्टाइनबेक लपवीत नाही. त्यामुळेच ते मरण वाचकाला अस्वस्थ करते.

आपल्या संतपरंपरेतही दुःखाची कारणे झाकलेली नाहीत. चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर राबत असताना भिंत कोसळून तिच्याखाली गेले, अशी परंपरा सांगते. विठ्ठलाच्या या लाडक्या भक्ताला मंदिराच्या आत पाऊल टाकता आले नव्हते, हेही तीच परंपरा सांगते. आपण मात्र चोखोबांची भक्ती आळवतो आणि ती भिंत विसरतो.

कोकणातील पालगडचे सुपुत्र साने गुरुजी यांच्या ‘श्यामची आई’चे हेच झाले आहे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आज घराघरांत आहे. श्यामची आई हे मराठी मनाने देव्हाऱ्यात बसविलेले पात्र. पण पुस्तक पुन्हा उघडून पाहावे. त्या माउलीला खंगविणारे कर्ज, दारात येऊन अब्रू काढणारा सावकाराचा माणूस, घरावर आलेली जप्ती आणि दूर राहिलेले आप्त हे सारे तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. गुरुजींनी आईला देवता केले, तसे तिच्या हालांचा हिशेबही मांडला. आम्ही वाचकांनी देवता तेवढी घेतली आणि हिशेब सोडून दिला. गुरुजी स्वतः असे वागले नाहीत. मे १९४७ मध्ये अस्पृश्यांना पंढरीचे मंदिर खुले व्हावे म्हणून ते प्राणांतिक उपोषणास बसले आणि दार उघडले तेव्हाच उठले. जे त्यांनी लिहिले त्याची किंमत त्यांनी आयुष्यात मोजली.

आता निपाणीकडे वळू. महामार्गावरचे हे गाव तंबाखूच्या व्यापारावर मोठे झाले. वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रियांनी तो खकाणा वर्षानुवर्षे छातीत घेतला. प्रा. सुभाष जोशी यांनी त्यांची संघटना बांधली, तेव्हा या स्त्रियांना प्रथमच मान वर करून मजुरी मागता आली. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकविणारे शेतकरी रास्त भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी ते आंदोलन गोळीबाराने मोडून काढले आणि बारा शेतकरी प्राणास मुकले. या माणसांना हौतात्म्याची हौस नव्हती. घामाचे दाम पदरात पडावे आणि संध्याकाळी घरी जावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

अशा माणसांवर कादंबरी लिहावयाची तर कशी? याचे उत्तर निपाणीतच मिळते. २०२४ साली दिवंगत झालेले कथा-कादंबरीकार महादेव मोरे यांनी आयुष्यभर याच गावात राहून, पिठाची गिरणी चालवीत लेखन केले. ड्रायव्हर, गॅरेजात राबणारी पोरे, वखारीतल्या बाया हे त्यांचे विश्व; त्यांची भाषा सीमाभागाच्या मातीतली. त्यांच्या माणसांभोवती प्रभावळ नाही. ती भांडतात, शिव्या देतात, चुकतात आणि तरीही एखाद्या अवघड क्षणी आपल्या घासातला घास दुसऱ्याला देतात. प्रभावळ नसल्यामुळेच तो घास खरा वाटतो. संत रंगविण्याचा आव न आणता संतत्व दिसावे, हे या लेखणीचे श्रेय आम्ही मोठे मानतो.

यावर कोणी म्हणेल, की आदर्श पात्रे नाहीशी झाली तर वाङ्मयाचा अहवाल होईल आणि पोरांनी कोणाकडे पाहून चांगले व्हावे? हा आक्षेप आम्हास मोलाचा वाटतो. आदर्श हवेतच, श्यामच्या आईवाचून मराठी मन दरिद्री झाले असते. पण सोसणाऱ्याला संत म्हणणे आणि त्याने असेच सोसत राहावे असे सुचविणे, यांतील अंतर लेखकाने जपले पाहिजे. गरिबाच्या सहनशीलतेची पूजा करणे हे पुष्कळदा त्याला मजुरी वाढवून देण्यापेक्षा स्वस्त पडते. स्त्रीच्या त्यागावर अश्रू ढाळणे हे तिच्या वाटचे काम उचलण्यापेक्षा सोपे असते. धार्मिक प्रतीक या सोयीसाठी वापरले गेले, तर तो धर्माचाही अपमान आहे आणि वाङ्मयाचाही.

किनाऱ्यावरील आम्हा हिंदूंच्या वाटेवर तुळशीवृंदावन आहे, तसा शेजाऱ्याचा क्रूसही आहे. दोन्हींपुढे दिवा लागतो. यापुढे एखाद्या कादंबरीतील साधुपुरुषाने वा सोशिक माउलीने आपले डोळे ओले केले, तर ते जरूर पुसावेत. परंतु पुस्तक मिटण्यापूर्वी तिच्या कर्जाची, मजुरीची आणि तिच्या मरणाच्या कारणांची पाने पुन्हा एकदा वाचावीत. त्या कारणांपैकी काही आपल्याच घरात, आपल्याच गावात आजही नांदत नाहीत ना, हे पाहणे हेच अशा पात्रापुढे ठेवण्याजोगे नैवेद्य आहे.