474 कोटींचा गणपती, 20 रुपयांचा कार्यकर्ता

गणपती जवळ आले की मुंबईच्या किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाची बातमी हमखास येते. 2022 मध्ये 316.40 कोटी, 2023 मध्ये 360.40 कोटी, 2024 मध्ये 400.58 कोटी आणि 2025 मध्ये 474.46 कोटी रुपयांचा विमा. रत्नागिरीतल्या मारुती आळीत चहा पिता पिता ही बातमी वाचणारा मनातल्या मनात म्हणतो, केवढं ते सोनं!

हिशेब तिथेच चुकतो. 2025 च्या त्या आकड्यात सोन्या-चांदीच्या दागिन्यांचा वाटा सुमारे 67 कोटींचा होता. सुमारे 375 कोटी होते माणसांच्या अपघात विम्याचे. स्वयंसेवक, पुजारी, आचारी, चपला सांभाळणारे, गाड्या लावून देणारे, सुरक्षारक्षक, सगळे त्यात आले. आणखी 30 कोटी होते सार्वजनिक दायित्वाचे, म्हणजे मंडपात आलेल्या भाविकाला इजा झाली तर द्यावयाच्या भरपाईचे. शिवाय 474 कोटी ही विम्याची रक्कम आहे, हप्त्याची नव्हे. हजार माणसांचा प्रत्येकी दहा लाखांचा विमा काढला की कागदावर शंभर कोटी होतात. खिशातून जाणारा पैसा त्याच्या फार फार लहान भागाइतका असतो.

म्हणून ‘आमच्या मंडळाकडे कुठे सोनं आहे, विमा कशाला हवा?’ हा प्रश्नच उलट्या बाजूने सुरू होतो. देशातल्या सर्वांत श्रीमंत मंडळांपैकी एकाने सर्वांत मोठी रक्कम माणसांवर लावली आहे. कोकणातल्या मंडळाकडे दागिने नसतील, पण माणसे आहेतच. शिमग्यात पालखी नाचवणारी, दहीहंडीला थर लावणारी, भर पावसात मंडपावर ताडपत्री ओढणारी आणि अनंत चतुर्दशीला मांडवीच्या समुद्रात छातीभर पाण्यात उतरणारी.

या माणसांसाठीचा सर्वांत स्वस्त मार्ग बहुतेकांच्या बँक पासबुकात आधीच पडलेला असतो. मे 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता पूर्वी 12 रुपये होता, जून 2022 पासून तो 20 रुपये आहे. वय 18 ते 70. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला एक लाख. चाळीस कार्यकर्त्यांचा वर्षाचा खर्च आठशे रुपये. यात साप चावणे आणि झाडावरून पडणे हेही अपघात धरले जातात, फक्त तात्काळ घेतलेल्या उपचाराची रुग्णालयातली नोंद लागते. आंब्या-माडांच्या जिल्ह्यात ही ओळ मोठ्याने वाचून दाखवावी अशी आहे. बुडून मृत्यू झाल्यास किंवा वाहनाच्या अपघातात पोलिसांकडची नोंद लागते.

मंडळ मात्र हा विमा मंडळाच्या नावाने काढू शकत नाही. तो ज्याच्या त्याच्या बँक खात्यातून निघतो, मुदत 1 जून ते 31 मे. मे अखेरीस खात्यात वीस रुपये नसले की हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण थांबते. तीन बँकांत तीन खाती असली तरी दावा एकच. सेक्रेटरीने मे महिन्यात चाळीस जणांना फोन करून खात्यातली शिल्लक तपासायला लावणे, एवढेच मंडळाच्या हातात आहे. पण तेही कमी नाही.

आता याची दुसरी बाजू. अपघात विमा म्हणजे आरोग्य विमा नव्हे, आणि या दोहोंची गल्लत सर्वाधिक घरांना महागात पडते. सुरक्षा विमा योजनेतून दवाखान्याचे बिल मिळत नाही. पालखी खांद्यावर असताना किंवा ढोल वाजवताना कोणी हृदयविकाराने कोसळला, तर पाहणाऱ्यांना तो अपघात वाटतो, विम्याच्या भाषेत तो आजार असतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, त्यानंतर गावोगावची मुले फावडी घेऊन चिखल काढायला धावली. अशा चिखलात पाय कापला तर तो अपघात. त्याच चिखलातून लेप्टोस्पायरोसिस झाला तर तो आजार, आणि निव्वळ अपघाताच्या पॉलिसीत त्याला जागा नाही. बहुतेक अपघात पॉलिसी मद्यपान केलेल्याचा दावाही नाकारतात. विसर्जन मिरवणुकीच्या संदर्भात यावर अधिक बोलायला नको.

दहीहंडीबद्दल वेगळाच समज आहे: ‘गोविंदांचा विमा सरकारने काढलाय.’ काढला आहे हे खरे. 2023 मध्ये राज्य सरकारने 50 हजार गोविंदांसाठी माणशी 75 रुपये हप्ता भरला, म्हणजे एकूण साडेसदतीस लाख. 2024 मध्ये ही संख्या 75 हजार झाली, 2025 मध्ये दीड लाख. मृत्यूला दहा लाख, एक हात, पाय किंवा डोळा गमावल्यास पाच लाख, उपचारासाठी एक लाखापर्यंत. पण हा विमा आपोआप लागू होत नाही. गोविंदांची संख्या ठरलेली, मुदत ठरलेली, आणि पथकाने वेळेत नावे नोंदवायची असतात. खालचा थर कमी पडतोय म्हणून ऐन वेळी ओढलेला शेजारचा पोरगा त्या यादीत नसतो. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर राज्य सरकारने 14 वर्षांखालील मुलांना थरात घेऊ दिले जाणार नाही अशी हमी दिली होती. तरीही ऑगस्ट 2025 मध्ये दहिसरला सरावाच्या वेळी पडून अकरा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. जिथे मुळात चढवायलाच मनाई आहे, तिथे विम्याचा आधार शोधणे व्यर्थ.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडळांचा सर्वांत मोठा धोका मात्र मंडपातही नाही आणि हंडीखालीही नाही. तो आहे टेम्पोच्या हौद्यात. मूर्ती आणायची, कबड्डीचा संघ न्यायचा, पुरात मदतीला जायचे, सगळीकडे पिकअप किंवा टेम्पो आणि मागे वीस पोरे. ‘गाडीचा इन्शुरन्स फुल्ल आहे’ असे मालक शपथेवर सांगतो, आणि ते खोटेही नसते. पण मालवाहू गाडीचा विमा मालासाठी आणि रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी असतो. डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात स्पष्ट केले की, मालवाहू वाहनातून फुकट किंवा भाडे देऊन नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही. कायद्याचे संरक्षण आहे ते मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी बरोबर असेल तर त्याला. आरत्या म्हणत उभ्या असलेल्या वीस जणांना नाही. तेव्हा भरपाईचा बोजा शेवटी गाडीमालकावर येतो, आणि तो बहुधा गावातलाच, मंडळाचाच माणूस असतो. मिनीबसचे भाडे जास्त पडते हे खरे, पण मंडळाच्या जमाखर्चात हा खर्च आधी यावा आणि रोषणाई नंतर.

वस्तूंच्या विम्याबद्दलचे समज त्यामानाने साधे. ‘फायर पॉलिसी’ या नावामुळे ती फक्त आगीसाठी असते असे वाटते. प्रत्यक्षात प्रचलित आग विम्यात वादळ आणि पूरही येतात. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चे. 2005 आणि 2021 या दोन्ही पुरांनी त्याच्या ग्रंथांना गाठले. अशा संस्थांनी आणखी दोन बारकावे पाहावेत. हस्तलिखिते, दुर्मिळ वस्तू, सोने-चांदी ही सर्वसाधारण पॉलिसीतून वगळलेली असतात. त्यांची वेगळी नोंद करावी लागते. देवस्थानाच्या पालखीतल्या चांदीच्या रूपांनाही हेच लागू. दुसरे म्हणजे कमी किमतीचा विमा. दहा लाखांच्या मालमत्तेचा विमा पाच लाखांचाच काढला आणि नुकसान दोन लाखांचे झाले, तर सरासरीच्या नियमाने हातात एकच लाख पडू शकतो.

राहिला प्रश्न बाहेरच्या माणसाचा. मंडपाची कमान दर्शनाला आलेल्या बाईंवर कोसळली, तर ‘मंडळ नोंदणीकृत आहे’ म्हणून कोणी सुटत नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी किंवा वर्गणीची परवानगी ही हिशेबाची शिस्त आहे, नुकसानभरपाईपासूनचे कवच नव्हे. सहलीच्या किंवा ट्रेकच्या अर्जावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे’ असे लिहून घेतल्याने आयोजकांचा निष्काळजीपणा धुतला जातो, हाही भ्रम. त्यातून 18 वर्षांखालच्याने केलेला करार कायद्यात करारच ठरत नाही. सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी उपयोगी पडते ती इथे. काही दिवसांच्या कार्यक्रमापुरतीही ती मिळते. पण ती दिवाणी भरपाई देते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली नोंदला गेला, तर शिक्षा पदाधिकाऱ्यालाच भोगावी लागते. मंडपात आकडा टाकून वीज घेतली असेल, तर विमा कंपनीच्या हातात दावा नाकारायला आयते कारण दिल्यासारखे. महावितरण गणेश मंडळांना सवलतीच्या दराने तात्पुरती जोडणी देते. ती घेतल्याची पावती फाइलला असावी.

संपूर्ण मंडळाचा मिळून गट अपघात विमाही काढता येतो, अट एवढीच की गट केवळ विम्यासाठी जमवलेला नसावा. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, पण गट विम्यावर 18 टक्के कायम आहे. खर्चाचा अंदाज बांधताना तो धरावा. कोकणात या पॉलिसीची खरी अडचण वेगळीच असते. गावचे मंडळ आणि त्याचे मुंबई मंडळ घरच्यांना एकच वाटतात, पण कागदावर त्या दोन स्वतंत्र संस्था असू शकतात. एकीच्या नावाची पॉलिसी दुसरीला लागू होत नाही. आणि यादी पॉलिसी घेताना गेलेली असते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडीतून उतरलेला चाकरमानी विसर्जनाला सर्वांत पुढे असतो. त्याचे नाव यादीत नसेल, तर ते कंपनीकडून वाढवून घ्यावे लागते आणि वाढीव हप्ता भरून तशी लेखी पुरवणी मिळवावी लागते. ही पुरवणी मूर्ती उचलण्याआधीच हातात हवी.