घडी घालून पाहा

वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी घडी घाला. कडा जुळत नाहीत. एक टोक इकडे, एक तिकडे राहतं. कर्णामुळे आयताचे दोन सारखे त्रिकोण होतात हे खरं, पण तेवढ्यानं कर्ण हा सममिती अक्ष ठरत नाही. घडी घातल्यावर एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत बसला पाहिजे. म्हणून आयताला अक्ष दोनच, एक उभा आणि एक आडवा. कर्ण धरून चार होतात ते फक्त चौरसाला. गृहपाठात हमखास चुकतं ते इथेच.

दिवाळीच्या शंकरपाळ्यांत तर याची गंमतच आहे. लाटलेल्या पोळीवर कातण्यानं आधी सरळ पट्ट्या पाडतात, मग तिरक्या. दोन्ही वेळा पट्टीची रुंदी सारखी ठेवली तर समभुज चौकोन मिळतो आणि त्याचे दोन्ही कर्ण अक्ष असतात. तिरक्या पट्ट्या जरा रुंद पडल्या की तो नुसता समांतरभुज चौकोन होतो. त्याला एकही अक्ष नाही! चव तीच लागते, म्हणून कुणी तक्रार करत नाही.

पतंगाचं तसं नाही. मधली उभी काडी हा त्याचा एकमेव अक्ष. एक बाजू जड झाली की पतंग सारखा तिकडेच कलतो. उत्तरायणाला वडोद्याच्या गच्च्यांवर पाहा, अशा पतंगाच्या दुसऱ्या टोकाला कागदाचा तुकडा किंवा चिंधी बांधून तोल साधलेला दिसेल.

दारापुढचं स्वस्तिक मात्र मोठ्यांनाही फसवतं. दिसायला इतकं तोलाचं, पण मधल्या उभ्या रेघेवर आरसा धरा: आरशातल्या बाजूचे हात उलटे वळलेले दिसतील. अक्ष शून्य. तेच स्वस्तिक मध्याभोवती पाव फेरा फिरवा, जसंच्या तसं दिसतं. ही फिरवण्याची सममिती, घडीची नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका.

आणि रांगोळीत रंग भरल्यावर अक्ष पुन्हा मोजायला हवेत. आठ सारख्या पाकळ्यांच्या फुलाला आठ अक्ष असतात. पाकळ्या एकाआड एक लाल-पिवळ्या केल्या की चारच उरतात. दोन पाकळ्यांच्या मधून जाणारे चार गेले, कारण तिथे घडी घातली तर लाल पाकळी पिवळीवर पडते.