गोळी, टाळी आणि चौकशी

ओलीस धरलेली माणसे सुटतात आणि धरणारा पोलिसांच्या गोळीने मरतो, तेव्हा आपल्या तुळिंजच्या नाक्यापासून लोकलच्या डब्यापर्यंत त्याच संध्याकाळी दोन पक्ष पडतात.

30 ऑक्टोबर 2025 रोजी पवईच्या एका स्टुडिओत 17 मुले डांबली गेली. मुले सुखरूप सुटली. डांबणारा गोळीने मेला. त्याच्याजवळ एअरगन होती, असे पोलिसांनी सांगितले. कोणी म्हणाले, ‘शाबास!’ कोणी म्हणाले, ‘पायावर गोळी का नाही?’ 27 ऑक्टोबर 2008 रोजी कुर्ल्याच्या बसमध्ये पाटण्याचा तरुण मारला गेला, तेव्हा तर वाद दोन प्रांतांत पेटला. गृहमंत्री आर. आर. पाटील पोलिसांच्या बाजूने उभे राहिले. बिहारच्या नेत्यांनी चौकशी मागितली.

दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी जीव घेण्याची मुभा कायदा देतो, पण जरुरीपुरतीच. मग बोलणी पुरेशी झाली होती का? धोका खरोखर समोर होता का? हे टाळ्यांनी ठरत नाही, शिव्यांनीही नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली, मुंबईतील चकमकींवरून निघालेल्या प्रकरणात, नियम घातले: पोलिसी गोळीबारात मृत्यू झाल्यास दंडाधिकाऱ्याची चौकशी हवी, तपास स्वतंत्र हवा, आणि शौर्य निःसंशय ठरेपर्यंत पदक नको.

चौकशी म्हणजे पोलिसांवरील अविश्वास नव्हे. जरुरीपुरतीच गोळी झाडणाऱ्या शिपायाचे नाव तीच निष्कलंक ठेवते. आणि उद्या आपलाच मुलगा चुकून गोळीपुढे आला, तर त्याच्या बाजूने विचारणारेही तिच्यावाचून कोणी नसते.