मुंबईच्या ससूनांच्या संग्रहातील मायमोनिडीजचे हस्तलिखित

बाराव्या शतकात स्पेनमधील कोर्दोबा येथे जन्मलेले आणि 1204 मध्ये इजिप्तमध्ये निधन पावलेले मोझेस मायमोनिडीज हे ज्यू धर्मशास्त्राचे थोर भाष्यकार, तत्त्वज्ञ व वैद्य होते. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या मौखिक धर्मनियमांच्या संहितेवर त्यांनी लिहिलेले आणि 1168 मध्ये पूर्ण केलेले भाष्य अरबी भाषेत, परंतु हिब्रू लिपीत आहे. या भाष्याची त्यांच्या स्वहस्ताक्षरातील मानली जाणारी प्रत अंशतः टिकली असून, तिचे काही खंड ऑक्सफर्डच्या बोडलीयन ग्रंथालयात आहेत. सण आणि विवाहादी कौटुंबिक नियमांवरील भाग मात्र मुंबईत 1880 मध्ये जन्मलेल्या डेव्हिड सॉलोमन ससून यांच्या संग्रहात होते व आता ते जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

बगदादहून मुंबईत येऊन व्यापारात स्थिरावलेल्या ज्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्याचे ससून रुग्णालय उभे राहिले, त्यांचे डेव्हिड सॉलोमन हे नातू होत. पतीच्या निधनानंतर मुंबईतील पेढीचा कारभार सांभाळणाऱ्या त्यांच्या आई फ्लोरा याही हिब्रू धर्मग्रंथांच्या जाणकार होत्या. डेव्हिड सॉलोमन यांनी हजाराहून अधिक हस्तलिखिते जमवून 1932 मध्ये त्यांची वर्णनात्मक सूची ‘ओहेल डेव्हिड’ या नावाने दोन खंडांत प्रसिद्ध केली.

मायमोनिडीजच्या भाष्यासारख्या स्वहस्ताक्षरातील प्रतीचे मोल केवळ प्राचीनतेत नसते. नकलाकारांच्या प्रतींत सहसा अंतिम पाठच उतरतो. येथे मात्र खोडलेले शब्द आणि समासातील भर यांवरून ग्रंथ पूर्ण झाल्यावरही लेखकाने आपली मते कशी सुधारली, हे अभ्यासकांना पडताळता येते.