लिलावातील लष्करी मालमोटार

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावास जाणाऱ्या रस्त्यालगत एका जुन्या लाकूडवखारीच्या आवारात, लष्कराच्या लिलावातून आलेली एक 'शक्तिमान' मालमोटार मी प्रथम पाहिली, तेव्हा तिच्या हिरव्या रंगाचे पोपडे निघाले होते, टपावर वेल चढला होता आणि मालकाच्या मते तिचे आयुष्य सरले होते, परंतु मोडीचा भाव ठरविण्यासाठी ज्या वृद्ध मिस्त्रींना त्याने बोलाविले होते, त्यांनी भावाचा शब्द काढण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून वास घेतला, तेलाची काडी ओढून बोटांवर चोळली, पुढच्या पुलीला मोठा पाना लावून इंजिन फिरते की अडकले आहे हे अजमावले, आणि मगच म्हणाले, "मोडीत काढू नका, शेठ. हिला पाणी बाधलंय, दुसरं काही नाही."

या मुलुखाला लष्करी मोटारींचे दर्शन नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ फौजेची मोठी छावणी होती. फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांनी जेथे उल्हासनगर वसविले, ती जागा हीच. युद्ध संपल्यावर अमेरिकन जीएमसी व डॉज, तसेच कॅनडात बांधलेल्या फोर्ड व शेव्हरोलेट मालमोटारी देशभर सरकारी लिलावांतून खाजगी मालकांकडे गेल्या. पुढे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरच्या सरकारी कारखान्यात 'शक्तिमान' तयार होऊ लागली, आणि सैन्यातील सेवेची मुदत संपताच तिच्याही वाट्याला तोच लिलाव आला.

या वाहनांची रचनाच मुळी अशी, की रणभूमीवर, कारखान्यापासून शेकडो मैल दूर, साध्या शिपायाला ती उघडता व जोडता यावीत. अमेरिकन सैन्याने महायुद्धकाळी देखभालीच्या पाच पायऱ्या ठरविल्या होत्या, आणि त्यांतील पहिली पायरी खुद्द चालकाकडे सोपविली होती. तेल, पाणी, हवा आणि नटबोल्ट रोज पाहणे हे त्याचे कर्तव्य होते. आपल्याकडे मात्र लिलावात गाडी घेणारा कित्येकदा ती बंद पडेपर्यंत बॉनेट उघडत नाही, आणि बंद पडली की निदान होण्यापूर्वीच नवे सुटे भाग आणावयास धावतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण जे यंत्र स्वतःची कैफियत इतक्या स्पष्टपणे मांडते, त्याचे म्हणणे ऐकून घेण्याइतकाही धीर आपण धरीत नाही.

डिझेल इंजिनाचा धूरच पाहा. स्टार्टर फिरूनही धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल नोझलपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर ते पोहोचते पण पेट घेत नाही. काळा धूर हवा अपुरी वा डिझेल अधिक असल्याचा दाखला, आणि निळसर धूर इंजिन तेल जाळीत असल्याचा. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळ्यांत बहुधा हवा शिरलेली असते, आणि ती काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे असाच ठेवावा लागतो: आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेतो हातपंप मारावयाचा, मग मुख्य पंपाचा, आणि शेवटी नोझलांच्या नळ्यांचे नट. पेट्रोलच्या गाडीत प्रथम ठिणगी व नंतर इंधन पाहावे. आषाढात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत दमट हवेचे पाणी साचले, तर ती पुसून कोरडी करणे हीच चिकित्सा. आणि वैशाखात कसारा घाट चढताना पेट्रोलची नळीत वाफ होऊन गाडी गुदमरली, तर पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ सावलीत थांबणे पुरते.

परंतु ठाणे जिल्ह्याच्या या पूर्व भागात जुन्या मोटारीचा खरा वैरी पाऊसच. ओढ्यातून गाडी गेली, की तापलेल्या डिफरन्शियलचे आवरण एकाएकी थंड होते, आतील हवा आकसते आणि झिजलेल्या सीलांतून पाणी आत ओढले जाते. मग झाकण उघडले असता तेल ताकासारखे पांढरट निघते. त्याच पाण्याने बॅटरीची अर्थची पट्टी व चासी यांच्यामध्ये गंज धरतो, आणि बॅटरी भरलेली असूनही स्टार्टर कण्हत राहतो. हायड्रॉलिक ब्रेकचे तेल तर हवेतील ओलावा स्वतःच शोषून घेते. माळशेज उतरताना ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पायाखाली खोल जाते. सबब ते तेल मुदतीने बदलावे, आणि त्यात इंजिनाचे तेल तर थेंबभरही पडू देऊ नये, कारण त्याने आतील रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

दोन सूचना मात्र प्राणांशी संबंधित आहेत. महायुद्धकाळच्या कित्येक जीप व कॅनेडियन गाड्यांची चाके दोन अर्धुके बोल्टांनी जोडून केलेली असतात. टायरमधील सर्व हवा काढल्याशिवाय ते जोडाचे नट सोडविणाऱ्याच्या अंगावर रिमचा तुकडा तोफगोळ्यासारखा येतो. चाक गाडीला धरणारे नट निराळे; दोहोंची ओळख पटल्याखेरीज पान्याला हात लावू नये. दुसरे असे, की हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, नाहीतर उलट झटक्याने मनगट मोडते.

त्या वखारीतील 'शक्तिमान'च्या टाकीतून घागरभर गढूळ पाणी निघाले, आणि मागच्या डिफरन्शियलमधून खरोखर ताकच. अर्थची पट्टी घासली, फिल्टर बदलले, हवा काढली. चौथ्या दिवशी सायंकाळी तिने पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि तो हळूहळू विरत गेला. मालकाचा चेहरा उजळला. मिस्त्रींनी आवारातच तिला दहा फेऱ्या मारविल्या, उतरले, आणि एकेका चाकाच्या मध्यावर तळहात ठेवीत गाडीभोवती फिरले. डाव्या बाजूच्या मागच्या चाकाशी त्यांचा हात थबकला. ते तापले होते. "हे उद्या खोलू," एवढेच म्हणून त्यांनी हात पुसले आणि हत्यारांची पेटी पुन्हा वखारीच्या ओसरीवर ठेविली.